वकिलाच्या फीसाठी न्याय अडू नये

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. पण नवऱ्याने पोटगी थकवली, भावांनी वाटणी नाकारली, तर चढावीच लागते. मग पहिला प्रश्न, वकिलाची फी कुठून आणायची?

१९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची बातमी वाचून कपिला हिंगोरानी या वकील महिलेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कित्येकांची कोठडी त्यांच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही लांबली होती. हुसैनारा खातून या नावाने गाजलेल्या त्या खटल्यामुळे हजारो कैदी सुटले. गरीब आरोपीला मोफत वकील मिळणे हा त्याचा हक्कच ठरला.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.

त्यासाठी तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज द्यावा, किंवा १५१०० वर फोन करावा. वकिलाचे मानधन प्राधिकरण देते. त्याने पैसे मागितले, तर तिथेच तक्रार करावी.

ज्या वकिलांना फी न घेता गरजूंचे खटले लढवायचे आहेत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘न्याय बंधू’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली. त्यात नाव नोंदवता येते. वर्षाला एक-दोन खटले घेतले, तरी तेवढ्या घरांचा मोठा भार हलका होईल.