एकटा खलाशी, मुंबईची होडी
शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा, तीही एकट्यानं, कुठेही न थांबता! १९६८ साली अशी शर्यत लागली. इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनसह नऊ जण निघाले. त्याची ‘सुहैली’ अवघी ३२ फुटी, सागवानी. आणि बांधलेली कुठे, तर आपल्या मुंबईत!

वाटेत होडी गळू लागली. मदतीला कोण येणार? पठ्ठ्यानं समुद्रात बुड्या मारून स्वतःच फटी बुजवल्या. पुढे आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्र मोडलं. मग झोपायचं कधी? शिडं अशी बेतानं लावायची, की होडी आपली आपण वाट धरील!

३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तो परतला. बाकी आठांपैकी एकानंही शर्यत पुरी केली नाही. डोनाल्ड क्राउहर्स्ट तर समुद्रातच गेला. बक्षिसाचे ५००० पौंड रॉबिननं त्याच्या बायकामुलांना देऊन टाकले.