मालकाचं राजकारण आणि आपलं पाकीट

एखाद्या कंपनीचा माल चांगला आहे, पण मालकाचं राजकारण डोक्यात जातं. मग माल घेणं बंद करायचं का? आणि केलं तर मालकाला काही फरक पडतो का? आज अमेरिकेतली दोन उदाहरणं बघूया.

पहिलं गोया फूड्स. डब्यातला राजमा, मसाले असं सामान विकणारी कंपनी, मुख्य गिऱ्हाईक लॅटिनो कुटुंबं. जुलै 2020 मध्ये तिच्या प्रमुखाने व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांचं तोंडभरून कौतुक केलं. लगेच बहिष्काराचे हॅशटॅग सुरू. झालं काय? विक्री चक्क वाढली! कॉर्नेल आणि नॉर्थवेस्टर्नच्या संशोधकांनी खरेदीचे आकडे तपासले. सुरुवातीला 22 टक्के वाढ, कारण ट्रम्पसमर्थक मुद्दाम डबे घ्यायला लागले. तीन आठवड्यांत सगळं पुन्हा होतं तिथेच. रोजच्या लॅटिनो गिऱ्हाइकांनी तर सवयीचा ब्रँड सोडल्याचं दिसलंच नाही. म्हणजे आवाज ट्विटरवर, आणि स्वयंपाकघरात तोच डबा.

दुसरं टेस्ला. इलॉन मस्क यांनी 2024 च्या निवडणुकीत 25 कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला, मग सरकारी नोकरकपातीचं काम हाती घेतलं. 2025 च्या फेब्रुवारीपासून लोक शोरूमबाहेर फलक घेऊन उभे राहिले. पहिल्या तिमाहीत कंपनीने 3,36,681 गाड्या दिल्या, आदल्या वर्षीपेक्षा 13 टक्के कमी. आता सगळं श्रेय आंदोलनाला देऊ नका हं. मॉडेल वायच्या नव्या आवृत्तीसाठी कारखान्यांत बदल चालू होते, चिनी स्पर्धाही होतीच. पण एप्रिलमध्ये मस्क यांनीच सांगितलं, की मे महिन्यापासून सरकारी कामाला बराच कमी वेळ देणार.

फरक कुठे पडला? मस्क हाच टेस्लाचा चेहरा. विजेची गाडी घेणारे बरेच जण पर्यावरणवादी, म्हणजे नाराज झाले ते गिऱ्हाईकच. आणि गाडी घेण्याआधी माणूस महिनोन्महिने विचार करतो, पर्यायही भरपूर. राजम्याच्या डब्याचं तसं नसतं.

आता बरोबर-चूक. मालकाने मत मांडणं आणि मालकाने नफ्यातून राजकारणाला पैसा पुरवणं, मला हे दोन्ही एक वाटत नाही. नुसत्या मतासाठी दुकान बंद पाडायला निघालो, तर उद्या किराणा घेतानाही पक्ष विचारावा लागेल. पण माझाच पैसा फिरून माझ्याच विरोधात वापरला जात असेल, तर तो न देण्याचा हक्क मला आहे.

मात्र तेव्हा काही ठिकाणी टेस्लाच्या गाड्या जाळल्या, रस्त्यावर उभ्या गाड्यांवर ओरखडे काढले. त्यातल्या कित्येकांनी ती गाडी मस्क राजकारणात उतरायच्या आधीच घेतली होती. काहींनी तर मागे तसा स्टिकरही लावला होता! त्यांच्या खिशातला पैसा कधीच गेलेला. ओरखड्याचा खर्च मस्क यांना नाही, त्यांनाच.