आजीची सुरी आणि माझी सुरी

शीर्षक वाचून रेक्टर सर माझी रूम तपासायला निघू नयेत म्हणून आधीच सांगून टाकतो. या लेखातल्या दोन्ही सुऱ्या सध्या माझ्या गावी, स्वयंपाकघरात आहेत. हॉस्टेलच्या रूममध्ये माझ्याकडे नेलकटरपलीकडे धारदार असं काहीही नाही!

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन सुऱ्या बनवल्या. दोन्ही जुन्या कानशीच्या, एकाच भट्टीतल्या, एकसारख्या लाकडी मुठीच्या. पहिली आजीच्या हातात गेली आणि घरभर माझं कौतुक झालं. दुसरी माझ्या बॅगेत गेली आणि तिच्यासकट मी पोलीस चौकीत गेलो. वस्तू तीच, मग फरक कुठे पडला? याचं उत्तर शोधताना मला मटेरियल सायन्सइतकाच कायदाही वाचावा लागला. तो तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

सुरी बनवायची का?

माझ्या आजीचा सगळा जन्म विळीवर गेला. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, त्यामुळे तिला खाली बसवत नाही. ओट्याशी उभं राहून भाजी चिरायची म्हटलं तर बाजारातल्या सुऱ्यांची प्लॅस्टिकची मूठ बारीक आणि गुळगुळीत. संधिवाताने आजीची बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे सुरी हातात फिरते. एक दिवस ती म्हणाली, "एवढा इंजिनिअर होतोयस, तर मला धरता येईल अशी एक सुरी करून दे की." आता आजीने असं म्हटल्यावर मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने काय करावं?

पोलाद कुठून आणायचं?

फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये आपण सगळ्यांनीच कानस चालवून हाताला फोड आणलेत. त्या कानशी घासून गुळगुळीत झाल्या की भंगारात जातात. वर्कशॉपच्या सरांना विचारून, रजिस्टरमध्ये रीतसर नोंद करून मी १० इंची तीन जुन्या कानशी घेतल्या. कानसच का? तर चांगल्या कानशीत कार्बनचं प्रमाण १ टक्क्याच्या वर असतं. माइल्ड स्टीलमध्ये ते ०.२ टक्क्याच्या आसपास असतं, त्यामुळे माइल्ड स्टील कितीही तापवून विझवलं तरी धार टिकेल इतकं कडक होत नाही. काही स्वस्त कानशी फक्त वरच्या थरात कडक आणि आत मऊ असतात. ओळखायचं कसं? चकचकीत होईपर्यंत कड घासल्यावर आतला भाग ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहायच्या. फुलबाजीसारख्या भरपूर फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तर कार्बन आहे. गॉगल मात्र हवाच.

पायरी पहिली : मऊ करणे. कानस कडक असते, तिला दुसरी कानस लागत नाही. म्हणून आमच्या गावच्या लोहारतात्यांच्या भट्टीत ती लाल होईपर्यंत तापवली आणि रात्रभर राखेत पुरून ठेवली. हळूहळू थंड झाल्यावर ती मऊ झाली. पेपरात आपण ज्यावर पाच मार्कांची टीप लिहितो ते ॲनिलिंग हेच!

पायरी दुसरी : आकार. पुठ्ठ्यावर आकार काढून घेतला. पातं ५ इंच लांब, सव्वा इंचाच्या आत रुंद आणि मागे मुठीत जाणारा भाग ४ इंच. हॅक्सॉने कापलं, मग कानशीने घासलं. कानशीने कानस घासण्यात दोन दिवस गेले. रिवेटची भोकं याच वेळी पाडून घ्यायची, कारण नंतर ड्रिल बिट तुटतं पण भोक पडत नाही. धारेची कड आत्ताच पातळ करायची नाही, साधारण १ मिलिमीटर जाड ठेवायची. पातळ कड भट्टीत जळते किंवा विझवताना तडकते.

पायरी तिसरी : पाणी पाजणे. ही खरी परीक्षा. पातं किती तापलं हे तात्या रंगावरून सांगतात. आपली नजर तेवढी तयार नसते, म्हणून मी चुंबक वापरला. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं वर नेलं की आतली रचना ऑस्टेनाइट होते आणि एकदम थंड केलं की तिचं मार्टेन्साइट होतं. मार्टेन्साइट म्हणजे अतिशय कडक आणि तितकंच ठिसूळ.

तात्या कोयत्याला पाण्यातच पाणी पाजतात, म्हणून मीही पातं पाण्यात घातलं. 'टिक्' असा बारीक आवाज आला. बाहेर काढलं तर धारेपासून पाठीपर्यंत तडा! तात्या म्हणाले, "अरे, कोयता केवढा जाड असतो. तुझं पातं म्हणजे पापड. त्याला तेल पाहिजे." पाणी उष्णता फार झपाट्याने ओढून घेतं आणि कार्बन जास्त असलेलं पातळ पातं तो धक्का सोसत नाही. दुसरं पातं कोमट तेलात सरळ उभं बुडवलं. तिरकं बुडवलं तर वाकतं. तेल भडकू शकतं, म्हणून लोखंडी डबा, त्यावर ठेवायला लोखंडी झाकण आणि लांब सांडशी तयार ठेवायची. हे काम एकट्याने आणि घरात करू नये. थंड झाल्यावर त्यावर कानस फिरवून पाहिली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. जमलं!

पायरी चौथी : टेम्परिंग. या अवस्थेत पातं हातातून फरशीवर पडलं तरी तुटू शकतं. म्हणून काकूच्या केकच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर एकेक तास दोनदा ठेवलं. (आधी तेल स्वच्छ पुसून! नाहीतर पुढचे चार केक मशीन ऑइलच्या फ्लेवरचे होतात.) पात्यावर वाळलेल्या गवतासारखा पिवळसर रंग चढतो. कडकपणा किंचित उतरतो आणि चिवटपणा येतो.

पायरी पाचवी : मूठ. इथे आजीला कामाला लावलं. कणकेचा एक लांबट गोळा तिच्या हातात दिला आणि सांगितलं, सुरी धरतेस तशी धर. बोटांचे ठसे उमटले. तोच मुठीचा नमुना. माळ्यावर मोडक्या पलंगाचा शिसवी पाय होता, त्याच्या दोन फळ्या काढल्या. त्या अॅराल्डाइटने दोन्ही बाजूंना चिकटवल्या, पितळी सळीचे तीन रिवेट ठोकले आणि एक दिवस पकडीत आवळून ठेवलं. मग कणकेच्या ठशाप्रमाणे घासून, पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल पाजलं. लाकडाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधायचा. शेवटी दगडावर धार. हे स्टेनलेस नव्हे, त्यामुळे धुतल्यावर लगेच पुसावं लागतं, नाहीतर गंजतं. लिंबू-कांद्याने पातं काळवंडतं, त्यात बिघडलं काही नाही.

आजीने पहिल्यांदा लाल भोपळा कापला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली, त्यातच मला सर्टिफिकेट मिळालं.

आता दुसरी सुरी

तिसऱ्या कानशीची साडेचार इंचांची सुरी मी स्वतःसाठी केली. रात्री अकराला विंगमध्ये भेळ होते तेव्हा कांदा कशाने चिरायचा हा आपला राष्ट्रीय प्रश्न, तो सोडवावा हा उदात्त हेतू! खरं सांगायचं तर मित्रांना दाखवायचीही होती. वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली आणि एस.टी.त बसलो.

ते दिवस विधानसभा निवडणुकीचे होते. २० नोव्हेंबरला मतदान होतं, आचारसंहिता लागलेली होती. एका नाक्यावर गाडी थांबली, बॅगा तपासल्या आणि माझ्या बॅगेतून वर्तमानपत्राची पुंगळी निघाली. हवालदारांनी विचारलं, "हे काय?"

"सुरी आहे, साहेब. कांदा चिरायला."

"कांदा कुठाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एस.टी. निघून गेली आणि मी चौकीतल्या बाकावर. आवाज कुणी चढवला नाही, पण ते तीन तास मी विसरणार नाही. कॉलेजचं आयकार्ड दाखवलं, मोबाइलमधले भट्टीपासूनचे फोटो दाखवले. बाबांना फोन गेला आणि ते मोटारसायकलवरून आले. शेवटी चौकीतल्या साहेबांनी लिहून घेतलं, समज दिली आणि सुरी बाबांच्या ताब्यात दिली. निघताना मला म्हणाले, "पोरा, तू खरं बोलतोयस हे मला फोटोंवरून कळलं. पण सुरीवर तसं लिहिलेलं नसतं." बाबा घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

कायदा काय म्हणतो?

नंतर बाबांच्या ओळखीच्या वकीलकाकांकडे बसून मी सगळं समजून घेतलं. हॉस्टेलमध्ये एक समज पक्का आहे, "९ इंचांच्या आत असलं की काही होत नाही." हा समज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच धोक्याचा.

अर्धा खरा कसा? शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र, त्यात धारदार हत्यारंही आली. पण निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणून आजीची सुरी, विळी, शेतातला विळा ही शस्त्रं नाहीत. नियमांच्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला यांच्या पंक्तीला ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या वस्तूंना सूट आहे. आधी १९६२ चे नियम होते, आता २०१६ चे आहेत. शस्त्रांची निर्मिती आणि विक्री हाही परवान्याचाच विषय आहे. तेव्हा सुरी जमली म्हणून पुढच्या सुट्टीत कुणी तलवार किंवा गुप्ती करायला घेऊ नये! शिखांच्या कृपाणाची गोष्ट वेगळी आहे. ती बाळगणं हा त्यांच्या धर्मपालनाचा भाग असल्याचं राज्यघटनेच्या कलम २५ मध्येच म्हटलं आहे.

आता उरलेला अर्धा भाग. आपल्या राज्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आहे (याला पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम म्हणत). त्याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ती बातमी येते आणि आपण पान उलटून क्रिकेटकडे जातो. या आदेशात तलवारी, बंदुकांबरोबर सुऱ्या, काठ्या, लाठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू येऊ शकते. तिथे इंचाचा हिशोब नाही. तो मोडला तर कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही. याशिवाय कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या हेतूने घातक हत्यार घेऊन फिरणं हा त्याखाली गुन्हा आहे. हेतू माझा नव्हताच, पण रात्री रस्त्यावर तो सिद्ध करत बसणं किती सोपं असतं ते मी पाहिलंय.

प्रत्येक ठिकाणचे नियमही वेगळे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाच्या किंवा स्प्रिंगच्या चाकूसाठी ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे फक्त ३ इंच लांबीची मर्यादा घातली गेली. विमानात हातातल्या बॅगेत सुरी चालत नाही, ती सामानात द्यावी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. भांडणं हॉस्टेलला नवीन नाहीत. हाताने मारून साधी इजा केली तर भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. तेवढीच इजा कापणाऱ्या किंवा भोसकणाऱ्या वस्तूने केली तर कलम ११८ खाली तीन वर्षांपर्यंत, आणि इजा गंभीर असेल तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे दोन मिनिटांच्या रागात जवळ सुरी आहे की नाही, यावर सगळं आयुष्य ठरू शकतं. "स्वसंरक्षणासाठी ठेवतो" म्हणणाऱ्यांनी व्याख्या पुन्हा वाचावी. बचावासाठी बाळगली असं म्हणताक्षणी आपणच तिला घरगुती वस्तूंमधून बाहेर काढतो. शिवाय फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. एम.एस.ची स्वप्नं पाहणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मग करायचं काय?

सुरी जरूर बनवा. चार सेमिस्टरमध्ये जे हीट ट्रीटमेंट मला कळलं नव्हतं ते एका तडकलेल्या पात्याने शिकवलं. पण ती जिथे वापरायची तिथेच ठेवा. बनवलेल्या ठिकाणाहून न्यावीच लागली तर आधी मनाई आदेश आहे का ते पाहा. तो असेल तर थांबा. नसेल तर धारेला पुठ्ठ्याचं म्यान करून, डब्यात बंद करून, बॅगेच्या तळाशी ठेवा आणि सरळ घरी जा. खिशात, कमरेला, गाडीच्या डिकीत कधीच नाही. हॉस्टेलमध्ये तर नाहीच. प्रवेश अर्जावरच्या नियमांखाली आपण सगळ्यांनी सही केली आहे, वाचली कुणी नाही एवढंच.

कांद्याचा राष्ट्रीय प्रश्न मेसच्या मावशींनी सोडवला. आता त्या रात्री जाताना वाटीभर कांदा चिरून ठेवतात. त्यांची सुरीही बोथट झालीय. रेक्टर सरांना रीतसर अर्ज दिलाय, मंजूर झाला तर पुढच्या सुट्टीत मावशींसाठी एक करीन आणि ती बाबांबरोबर थेट मेसमध्ये पोचवीन. माझी सुरी आजी फळांना वापरते. परवा फोनवर म्हणाली, "तुझीपण छान आहे रे, पण मूठ जरा बारीक केलीस." पुढच्या वेळी कणीक मावशींच्या हातात द्यायची आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी