श्वासातला हायड्रोजन नेमका कुठला?

लहान आतड्यात जिवाणू फाजील वाढलेत का, हे पाहण्यासाठी रुग्णाला उपाशीपोटी साखरेचं पाणी पाजतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पिशवीत फुंकायला लावतात. आपल्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. २०१७ च्या उत्तर अमेरिकी तज्ज्ञांच्या निकषानुसार तो ९० मिनिटांत २० पीपीएमने वाढला, की चाचणी पॉझिटिव्ह. पण पाजलेली साखर लॅक्टुलोज असेल, तर ती शोषली जात नाही. ती मोठ्या आतड्यात पोचतेच, आणि तिथे जिवाणूंची वस्ती असायचीच. आतडं वेगाने चालत असेल तर ती ९० मिनिटांच्या आतच पोचते आणि नसलेल्या आजारासाठी अँटिबायोटिक सुरू होतं. हे मला फार गंभीर वाटतं. ग्लुकोज वापरलं तर हा धोका पुष्कळ कमी होतो. ते वरच्या भागातच शोषलं जातं, म्हणून खालच्या टोकाची वाढ निसटते, हा आक्षेप खराच. अशा वेळी लॅक्टुलोजच द्यावं, पण सोबत सौम्य किरणोत्सारी द्रव्य पाजून गॅमा कॅमेऱ्याने त्याचा मार्ग पाहावा. ते मोठ्या आतड्यात शिरण्याआधी हायड्रोजन चढला, तरच वाढ मानावी. थेट आतड्यातला रस काढून कल्चर करण्यातही अडचण आहेच: दुर्बीण तोंडातूनच आत जाते आणि तिथले जिवाणू नमुन्यात मिसळू शकतात.