शाळेंतील टक्के आणि वैद्यकाचा अभ्यास

बदलापूर स्थानकाच्या पूर्वेस कात्रप ही वस्ती आहे. एके काळच्या या खेड्यांत आतां उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि तेथील पुष्कळ लोक भल्या पहांटे आगगाडीनें मुंबईकडे कामास निघतात. अशा घरांतून मुलांच्या शिक्षणाइतकी जपलेली दुसरी ठेव क्वचितच असते. शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पेढे वांटले जातात, चौकांत अभिनंदनाचे फलक लागतात, आणि नव्वदांहून अधिक टक्के मिळविणारा मुलगा अथवा मुलगी डॉक्टर होणार, असें घरींदारीं ठरून जातें. पुढें थोड्याच महिन्यांनीं त्याच घरांत अकरावीच्या पहिल्या चांचणीचा कागद येतो. त्यावर शंभरांपैकीं ४५ गुण असतात. आई तो कागद दोनदां वाचते, वडील कांहींच बोलत नाहींत, आणि मूल त्या दिवशीं लवकर निजतें.

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, कीं त्याचीं कारणें शांतपणें पाहणें अगत्याचें आहे. कारणें न उमगल्यामुळें पुष्कळ चांगलीं मुलें आपली बुद्धीच सरली असें समजून खचतात, आणि पुष्कळ आईबाप तीं बिघडलीं असें समजून रागावतात. या दोन्ही समजुती बहुधा खोट्या असतात.

गुण हें मोजमाप आहे, आणि आंकड्याचा अर्थ मापावर अवलंबून असतो. पायलीनें मोजलेलें धान्य शेरानें मोजलें तर आंकडा बदलतो, धान्य तेवढेंच राहतें. महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेनें याचा ढळढळीत पुरावा दिलेला आहे. २०१८ सालीं या परीक्षेंत शेंकडा ८९.४१ मुलें उत्तीर्ण झालीं. पुढच्या वर्षीं भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून टाकण्यांत आले, आणि २०१९ चा निकाल ७७.१० वर घसरला. ते गुण पुन्हां देण्यांत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० वर गेला. एका वर्षांत महाराष्ट्रांतील मुलें मंद झालीं व दुसऱ्या वर्षीं एकाएकीं कुशाग्र झालीं, असें कोणी म्हणणार नाहीं. माप बदललें, एवढेंच.

टक्केवारी काढण्याची रीतही ध्यानांत घ्यावयास पाहिजे. सहा विषयांपैकीं उत्तम पांच विषयांचेच गुण धरण्याची पद्धति रूढ आहे. एखाद्या मुलीस ९८, ९६, ९५, ९४, ९२ आणि ७५ असे गुण मिळाले, तर सहांची सरासरी ९२ सुद्धां भरत नाहीं. पण उत्तम पांच धरल्यास ती नेमकी ९५ होते. आतां तो पंचाहत्तरचा विषय जर विज्ञान अथवा गणित असेल, तर डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्या त्या मुलीच्या अडचणीचें मूळ त्या ९५ च्या आड झांकून राहिलेलें असतें. म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेंतील खालचा एक आंकडा वाचून थांबूं नये. तिच्या प्रत्येक ओळीकडे लक्ष द्यावें.

अकरावींत पाऊल ठेवतांच मुलाच्या पुढें एकाच वेळीं दोन मापें येतात. एक बारावीच्या मंडळाच्या परीक्षेचें. तेथें भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत लेखी परीक्षेस ७० व प्रात्यक्षिकास ३० गुण असतात. दुसरें माप ‘नीट’ या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेचें. १ मे २०१६ रोजीं ती नव्यानें सुरू झाली, आणि पुढें वैद्यकीय प्रवेशाचा दरवाजा तिच्याच हातीं गेला. मंडळाच्या परीक्षेंत वैद्यकाच्या प्रवेशासाठीं भौतिक, रसायन व जीव या विषयांत मिळून खुल्या वर्गास शेंकडा ५० व राखीव वर्गांस ४० गुण पुरतात. गुणानुक्रम लागतो तो नीटच्या आंकड्यावर.

या दुसऱ्या मापाचा हिशेब शाळेच्या हिशेबाहून अगदीं निराळा आहे. नीटमध्यें १८० प्रश्नांस ७२० गुण असतात. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकलेल्या उत्तराचा १ गुण वजा होतो, आणि सोडून दिलेल्या प्रश्नास कांहींच नाहीं. समजा, एका मुलानें सर्व प्रश्न सोडविले व त्यांतील निम्मे बरोबर आले. शाळेच्या रीतीनें त्यास ५० टक्के मिळाले असते. येथें ९० बरोबर उत्तरांचे ३६० होतात, ९० चुकांचे ९० वजा होतात, आणि हातीं २७० राहतात. म्हणजे शेंकडा साडेसदतीस. त्याच मुलानें न येणारे प्रश्न कोरे ठेवले असते, तर त्यास ३६० मिळाले असते. चार पर्यायांतून डोळे मिटून एक उचलला, तर सरासरीनें चारांत एकदां बरोबर येतें व तीनदां चुकतें. चार प्रश्न मिळून पदरांत एक गुण पडतो. आपणांस काय येत नाहीं हें ओळखणें, ही येथें एक स्वतंत्र विद्याच आहे, आणि ती शाळेंत कोणी शिकविलेली नसते. शाळेंत कोरी जागा ठेवणें हा दोष मानला जातो.

टक्के आणि पर्सेंटाइल यांचा घोटाळाही पुष्कळ घरांतून होतो. टक्के म्हणजे एकूण गुणांतील आपला वांटा. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेस बसलेल्यांपैकीं शेंकडा किती जण आपल्या मागें आहेत, त्याची खूण. २०२५ सालीं नीटला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्या वर्षीं खुल्या वर्गाची पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइल, म्हणजे १४४ गुण, येथें पडली. याचा अर्थ असा, कीं देशांतील जवळजवळ निम्म्या उमेदवारांस ७२० पैकीं १४४ गुण सुद्धां मिळाले नाहींत. पात्रता मिळाली म्हणजे जागा मिळाली असें मात्र नव्हे. कारण देशांतील एम.बी.बी.एस.च्या सर्व जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. शिवाय प्रश्नपत्रिका सोपी कीं अवघड, यावरही आंकडा हालतो. २०२४ च्या सुधारित निकालांत १७ विद्यार्थ्यांस पुरे ७२० गुण होते. २०२५ सालीं सर्वांत वरच्या विद्यार्थ्यासही ६८६ च मिळाले. तेव्हां शेजारच्या मुलास मागल्या वर्षीं किती मिळाले होते, याशीं यंदांच्या मुलाची तुलना करण्यांत फारसा अर्थ नाहीं.

मराठी माध्यमांतून आलेल्या मुलांवर याच वेळीं आणखी एक ओझें पडतें. दहावीपर्यंत ज्यास तें पेशी, उती, प्रकाशसंश्लेषण म्हणत आलें, त्याच वस्तु अकरावींत इंग्रजी नांवांनीं समोर येतात. मुलास विषय ठाऊक असतो, शब्द अनोळखी असतो. आणि पहिल्या चांचणींत गुण शब्दापायींच जातात. नीटची प्रश्नपत्रिका मराठींतही मिळते, हें खरें. परंतु वर्गांतील शिक्षण व पुढील सर्व ग्रंथ इंग्रजी असल्यामुळें भाषेची ही नदी केव्हां तरी ओलांडावीच लागते. दोन उभे रकाने आंखून मराठी व इंग्रजी शब्दांची वही ठेवणें, रोज आठ-दहा शब्द तिच्यांत लिहिणें व आठवड्याच्या शेवटीं एक रकाना झांकून दुसरा म्हणून पाहणें, हा जुना व अल्पखर्ची उपाय आहे. कांहीं महिन्यांत अडखळणें पुष्कळ कमी होतें.

नीटची चढण चढून मूल वैद्यकीय महाविद्यालयांत पोंचलें, म्हणजे वाटतें, आतां सुटलों. कात्रपच्या मुलांस ही वाट अलीकडे थोडी जवळची झाली आहे. शेजारच्या अंबरनाथ येथें २०२४ सालीं १०० जागांचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. परंतु दाराच्या आंत तिसरेंच माप वाट पाहत असतें. पहिल्या वर्षीं शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन मुख्य विषय असतात. प्रौढ माणसाच्या अंगीं २०६ हाडें आहेत, हें शाळेंत एका वाक्यांत सांगून संपतें. येथें एकेक हाड हातांत घेऊन त्याचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खोबण, तेथें चिकटणारा स्नायु व जवळून जाणारी रक्तवाहिनी सांगावी लागते. दोन वर्षें चार पर्यायांतून उत्तर निवडण्याची संवय झालेल्या विद्यार्थ्यास आतां कोऱ्या कागदावर सविस्तर उत्तर लिहावयाचें असतें, आकृति काढावयाची असते, आणि परीक्षकासमोर उभें राहून तोंडी उत्तर द्यावयाचें असतें. व्याख्यानांस शेंकडा ७५ व प्रात्यक्षिकांस शेंकडा ८० हजेरी लागते, ती वेगळीच.

येथें उत्तीर्ण होण्यास निम्मे गुण लागतात, आणि ७५ टक्के मिळाले तर विशेष प्रावीण्य मानतात. म्हणजे शाळेंत ज्या आंकड्यावर घरांत सुतक धरलें जात होतें, तोच येथें गौरवाचा ठरतो. ही गोष्ट आईबापांस कोणी सांगत नाहीं. त्यामुळें ‘दहावीला पंचाण्णव, आणि आतां साठ?’ असा प्रश्न विचारला जातो, व मूल त्याचें उत्तर देऊं शकत नाहीं.

दुसरें कारण भोंवतालच्या मंडळींत आहे. शाळेंत जो पहिला होता, तो आतां शंभर पहिल्यांच्या वर्गांत बसलेला आहे. आणि त्या शंभरांतही कोणीतरी शंभरावा असणारच. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानें १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें, कीं सारख्याच कुवतीचें मूल अधिक हुशार मुलांच्या वर्गांत बसलें, तर तें स्वतःस कमी हुशार समजूं लागतें. लहान तळ्यांतला मोठा मासा मोठ्या तळ्यांत गेला, तर त्याचें अंग आटत नाहीं. शेजार तेवढा बदलतो.

मग या बदललेल्या मापास तोंड कसें द्यावें? पहिली गोष्ट अभ्यासाच्या रीतीची. शाळेंत पुष्कळ मुलें परीक्षेच्या तोंडावर धडा पुनःपुन्हां वाचून पार पडतात, कारण मजकूर थोडा असतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालींच स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलें, कीं पाठ केलेलें पहिल्या कांहीं तासांतच झपाट्यानें विसरतें, आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटानें उतारा पुन्हां पुन्हां वाचला, तर दुसऱ्यानें एकदां वाचून पुस्तक मिटलें व आठवून लिहिलें. पांच मिनिटांनीं विचारलें, तेव्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें विचारलें, तेव्हां आठवणारे पुढें गेले. वाचतांना येतें असें वाटणें आणि खरोखर येणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. म्हणून धडा वाचून झाला, कीं पुस्तक मिटावें व कोऱ्या कागदावर आठवेल तें लिहावें. तेंच दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें पुन्हां करावें. बदलापूरहून मुंबईस जाणाऱ्या विद्यार्थ्यास गाडीच्या गर्दींत ग्रंथ उघडतां येत नाहीं. पण सकाळीं वाचलेलें मनांतल्या मनांत आठवून पाहावयास हात मोकळे असावे लागत नाहींत.

दुसरी गोष्ट चुकांची वही. चांचणीचा कागद परत आला, म्हणजे गुण पाहून तो दडवूं नये. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहावें: माहिती नव्हती, माहिती होती पण आठवली नाहीं, प्रश्न नीट वाचला नाहीं, कीं वेळ पुरला नाहीं. या चार रोगांचीं औषधें चार आहेत. ‘अभ्यास वाढव’ हा एकच उपदेश त्या सर्वांस लागू पडत नाहीं.

तिसरी गोष्ट घराची. तुलना करावयाचीच असेल, तर ती मुलाच्या मागल्या चांचणीशीं करावी. ४५ वरून ५२ झाले, तर तेथें सात गुणांची कमाई आहे. ९५ वरून ५२ झाले असें म्हटलें, तर तीच कमाई त्रेचाळीसांचा तोटा दिसते. मूल जेवेनासें झालें, झोप उडाली, मित्रांस टाळूं लागलें, किंवा जगण्यांत अर्थ नाहीं असें बोललें, तर तें आळसाचें ढोंग समजूं नये. महाविद्यालयांतील शिक्षकांशीं व डॉक्टरांशीं बोलावें. शासनाच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांकही अहोरात्र उघडा असतो. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या परीक्षेंत अपयश आलें, तर थोड्याच दिवसांत पुरवणी परीक्षा होते. आणि पुढें पदव्युत्तर प्रवेशास जी स्वतंत्र परीक्षा घेतली जाते, तिच्यांत पहिल्या वर्षाचे गुण विचारांत घेतले जात नाहींत. त्या एका कागदानें आयुष्याचा निकाल लागत नसतो.

याची दुसरी बाजूही प्रांजळपणें सांगितली पाहिजे. रीत बदलली, मेहनत केली, प्रामाणिकपणें दोन वेळां परीक्षा दिली, आणि तरीही वाट खुलली नाहीं, असें पुष्कळांच्या बाबतींत घडणार. २२ लाख व सव्वा लाख या दोन आंकड्यांतच तें लिहिलेलें आहे. परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार, प्रयोगशाळेचें तंत्र हींही रोग्याच्या सेवेचींच क्षेत्रें आहेत. तिकडे वळलेल्या मुलास ‘डॉक्टर होतां आलें नाहीं’ अशी ओळख घरानें चिकटवूं नये.

कात्रपपासून आगगाडीनें थोड्याच अंतरावर कल्याण आहे. ज्या जोशी घराण्यांतली एक मुलगी १८८३ सालीं समुद्रापार गेली, तें घराणें कल्याणचें. आनंदीबाई जोशी यांच्याजवळ शालान्त परीक्षेचे टक्के नव्हते. त्यांचें शिक्षण बहुतेक घरींच झालेलें होतें. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयानें त्यांस प्रवेश दिला. परकी भाषा, परका देश, पोखरणारें दुखणें, आणि सर्वस्वीं नवें माप यांस तोंड देऊन त्या ११ मार्च १८८६ रोजीं पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. त्यांचें दुखण्यानें खचलेलें शरीर कोणीं अनुकरणीय मानूं नये. पण आधींच्या मापानें आपणांस मोजून न घेतां नवें माप शिकून घेण्याची त्यांची वृत्ति आजही उपयोगी पडण्यासारखी आहे. अकरावीच्या पहिल्या चांचणीचा कागद हातीं घेऊन बसलेल्या मुलास घरानें एवढेंच विचारावें, कीं यांतलें कोणतें आलें नाहीं, आणि तें उद्यां कसें शिकावयाचें.