वर्डमधले कोपायलट दिसत नसेल तर...

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. कापडाच्या गाठी नजरेने पारखू, पण इंग्रजीत तगाद्याचे पत्र लिहायचे म्हटले की हात अडतो. गांधीबागेतील आमच्या दुकानात हे काम वर्डमधले कोपायलट करते. दिवाळीच्या तोंडावर परगावच्या एका थकबाकीदाराला पत्र धाडायचे होते आणि नेमके बटणच गायब! दोन दिवस गेले. दुरुस्तीवाला म्हणाला, नवा संगणक घ्या.

दोष संगणकात नव्हताच. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2025 पासून पर्सनल व फॅमिली योजनांत कोपायलट दिले. मात्र फॅमिलीत वर्ड सहा जण वापरू शकतात, कोपायलट फक्त योजना ज्याच्या नावावर त्यालाच मिळते. योजना मुलाच्या नावावर आणि वर्ड उघडले होते आमच्या खात्याने!

व्यापारी बंधूंनी खर्चात पडण्याआधी एवढे पाहावे. ‘फाइल’मधील ‘अकाउंट’मध्ये नाव व योजना तपासावी. एकरकमी घेतलेल्या वर्ड 2019 वा 2021 मध्ये ही सोय नाही. तेथूनच ‘अपडेट नाऊ’ करावे. मग ‘ऑप्शन्स’मध्ये ‘कोपायलट’समोरची खूण आहे का, ते बघावे. ‘अकाउंट प्रायव्हसी’त मजकूर तपासण्याची परवानगी बंद असेल तरीही कोपायलट चालत नाही.

पत्र अखेर गेले. रक्कम आणि तारीख मात्र आम्ही वहीशी ताडूनच सही केली. मदतनीस कितीही हुशार असो, हिशेबाची जबाबदारी मालकाचीच.