पंचेचाळीस दिवस नवागामपर्यंत कधी पोहोचणार?

कृत्रिम सुतावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याचे गणित एव्हाना सर्वांनी वाचले आहे. दिवाळीच्या सुटीनंतर लाभपाचमला सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापड बाजारात मुहूर्ताचे सौदे होतात आणि तिथेही बोलणे कराचेच असते. पण सुरतेतला पैसा करापेक्षा उधारीत जास्त अडकतो, आणि त्याची झळ शहरातल्या नवागाम-डिंडोली भागातल्या आपल्या खानदेशी घरांना बसते.

व्यवहार असा चालतो. विणकर ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाचे ताके व्यापाऱ्याला उधार देतो. व्यापारी ते रंगाई-छपाईसाठी मिलमध्ये पाठवतो आणि साड्या तयार झाल्या की दलालामार्फत बाहेरगावच्या पार्टीला, तेही उधारच. तीन-चार महिने उधारी चालणे नेहमीचेच. रोख देणाऱ्याला वटाव मिळतो. बराचसा व्यवहार शब्दावर आणि दलालाच्या ओळखीवर उभा असतो. या विश्वासावर हे शहर मोठे झाले, याबद्दल मला आदरच आहे. पण एखादी पार्टी ‘उठली’, म्हणजे दुकान बंद करून पसार झाली, की मागची सगळी साखळी कोसळते.

या उधारीला मुदत घालणारा एमएसएमई कायदा २००६ सालचा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत लघुउद्योजकाचे पैसे द्यावेत, असे तो सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. इतकी वर्षे हे कुणी मनावर घेतले नाही. मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आले: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चाची वजावट नाही. मार्च २०२४ मध्ये सुरतेचा बाजार हादरला आणि अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी झाली. माझ्या मते विणकराच्या बाजूने इतके धारदार हत्यार यापूर्वी कधी आले नव्हते.

मात्र ते नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाच्या आणि सेवा देणाऱ्याच्याच हातात आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांत बायका दुपारी साड्यांचे गठ्ठे घेऊन बसतात. साडी उलटी पसरायची, मागचे सुटे धागे छोट्या कात्रीने कापायचे, किंवा डिंकाच्या थेंबावर एकेक खडा बसवायचा. मजुरी साडीमागे ठरलेली असते. कात्री चुकून कापडात गेली, तर नुकसान त्या बाईच्याच हिशेबात. माल आणून देणारा ठेकेदार अहिराणीत गोड बोलतो आणि पैशाचे विचारले की वरून आले नाहीत म्हणतो. बऱ्याचदा ते खरेही असते. तिच्याकडे ना बिल, ना चिठ्ठी. तिची उधारी कुठल्याच वहीत उधारी म्हणून लिहिली जात नाही, आणि या साखळीत बिनव्याजी भांडवल पुरवणारी सर्वांत गरीब व्यक्ती तीच आहे.

म्हणून व्यापारी संघटनांना एकच विनंती. जॉबवर्कला दिलेल्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत नगसंख्या, दर आणि पैसे देण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी सक्तीची करा. त्यासाठी दिल्लीहून नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागत नाही.